‘चाललंय’चं इंग्रजी

मंगळवारी विधानसभा भरायची, म्हणून आमचा आठवडा शुक्रवारी दुपारी सुरू होई. त्या वेळी प्रश्नांची यादी हातात पडायची. पोर्ट लुईमधल्या, म्हणजे आमच्या बेटाच्या राजधानीतल्या, एका सरकारी खात्याच्या वरच्या मजल्यावर मी कारकून होतो. आमदार मंत्र्यांना जे विचारणार असत, त्याची उत्तरं आम्ही आधी लिहून ठेवायचो. मंत्री ती उभं राहून वाचत. वाचताना ती त्यांची होत. मंगळवार संपला की ती कुणाचीच नसत, फाइलीत जात. मी अशी किती उत्तरं लिहिली ते आता सांगता येणार नाही. एक मात्र शब्दन् शब्द पाठ आहे.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं होती. विरोधी बाकं नव्याने भरली होती आणि तिथले तरुण आमदार चिवटपणे प्रश्न विचारत. उसाशिवाय दुसरं काही न पाहिलेल्या आमच्या बेटावर कपड्यांचे कारखाने उभे राहत होते. गावोगावच्या बायकांच्या तोंडी एकच विषय असे: आपल्या मुलीला तिथे काम मिळेल का, आणि मिळालं तर कुठलं. मशीनवर बसायचं, की दिवसभर टेबलाशी उभं राहून तयार कपड्यांचे धागे कापायचे. या दोन कामांत फार अंतर होतं. मशीनवर बसणारी पुढे जायची, धागे कापणारी तिथेच राहायची.

त्या शुक्रवारी उत्तरेकडच्या एका आमदाराचा प्रश्न आला. हा गृहस्थ आधी शाळामास्तर होता आणि प्रश्नही मास्तरासारखे विचारायचा, एकात तीन. गावपरिषदांकडे सोपवलेल्या शिवणकेंद्रांत जे शिकवतात ते कारखान्यांच्या उपयोगाचं आहे का? तिथली यंत्रं कोणत्या अवस्थेत आहेत? आणि ती धड नसतील तर येत्या अंदाजपत्रकात सरकार तरतूद करणार आहे का?

या केंद्रांची गंमत अशी होती की खोली गावपरिषदेची, यंत्रं आमच्या खात्याची, आणि शिकवणारी बाई तिसऱ्याच खात्याची, तीही तात्पुरती. काही मोडलं की परिषद आमच्याकडे बोट दाखवी आणि आम्ही परिषदेकडे. गावांच्या हाती कारभार दिला आहे, असं आम्ही मंत्र्यांच्या भाषणात लिहायचो. प्रत्यक्षात गावाच्या हाती दिली होती ती खोलीची किल्ली.

प्रश्नात त्यांतल्या एकाचंच नाव होतं, आणि ते केंद्र माझ्या गावात होतं. त्रियोलेच्या पुढे, बस वळते तिथून आत, दोन्ही बाजूंनी ऊस. आणि तिथे शिकवणारी बाई म्हणजे माझी काकी. माझे धाकटे काका लवकर गेले. काकीने शिवणावर घर चालवलं, एका मुलीला वाढवलं आणि मधल्या मधे मलाही, कारण माझी आई बहुतेक वेळ आजारी असे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी जी पँट घालून पोर्ट लुईला गेलो ती काकीने शिवली होती. पँटच्या पायांशी तिने दोन बोटं कापड जास्त दुमडून ठेवलं होतं. “अजून वाढशील,” म्हणाली होती. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो.

आमच्या साहेबांनी यादी माझ्यासमोर ठेवली. “तू तिकडचाच ना? उद्या जाऊन बघून ये. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे. आणि एका वाक्यात.” उत्तर जितकं लांब तितके पुरवणी प्रश्न जास्त, हे त्यांचं नेहमीचं सांगणं. मी रोझ हिलला राहत होतो, पण त्या शनिवारी गावी जाणारच होतो, कारण काकीकडे सत्यनारायण होता. एका फेरीत दोन कामं होतील म्हणून मला बरंच वाटलं.

मी पोचलो तेव्हा अंगणात ताडपत्रीचा मांडव घालून झाला होता. नात्यातला एक म्हातारा आजा मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. मला पाहून म्हणाला, “आला बघा मिनिस्टरचा माणूस. सेझ आणा रे त्याला.” आमच्याकडे खुर्चीला खुर्ची कुणी म्हणत नाही.

“काय काम करतो हा?” शेजारच्याने विचारलं.

“मिनिस्टरला काय बोलायचं ते शिकवतो.”

“तरीच तो तसा बोलतो.”

सगळे हसले, मीही हसलो. एवढ्यात हात पुसत काकी बाहेर आली. पदराच्या टोकाला केंद्राची किल्ली बांधलेली होती. ती किल्ली ती घरातही सोडत नसे.

“आलास? खाल्लंस काय काही?”

“खाल्लं. काकी, केंद्राचं कसं चाललंय?”

“चाललाय, बाबू,” काकी म्हणाली. जरा थांबून म्हणाली, “येतोस काय? खोली उघडते. डोळ्यांनी बघून घे.”

“पूजेला बसतील आता,” मी म्हटलं.

तिने पदराची गाठ हातात धरली होती, ती सोडली. “ते पण खरं,” म्हणाली आणि आत गेली.

आमची मराठी पणजोबांबरोबर बोटीतून उसाच्या मळ्यांवर आली. तिच्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं. आमच्या घरांतून मराठी उरली ती देवापुढे आणि वडीलधाऱ्यांपुढे बोलायला. भांडण क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या फ्रेंच वळणाच्या बोलीत, बाजारातली घासाघीस क्रेओलमध्ये, बसच्या कंडक्टरशी हुज्जत क्रेओलमध्ये. कुणाची तक्रार करायची तर तीही क्रेओलमध्येच, कारण त्या भाषेत माणूस लाजत नाही. पा पे मार्से म्हटलं की संपलं, चालत नाही म्हणजे चालत नाही. मराठीत मात्र आम्ही एकमेकांची विचारपूस करतो. कसं चाललंय विचारलं की चाललाय म्हणायचं. नवरा गेलेली बाईही चाललाय म्हणते. मी काकीला मराठीत विचारलं, भरल्या मांडवात, पूजेच्या दिवशी, पाहुण्यांसमोर. त्या घटकेला तिच्या तोंडून दुसरं काय येणार होतं?

संध्याकाळी बसला जाताना मी केंद्रावरून गेलो. खिडकीची एक काच नव्हती. आत डोकावलो. पायाने चालवायच्या जुन्या शिवणयंत्रांपैकी तिनांवर पिठाच्या पोत्याचं कापड टाकलेलं होतं. कापडावर धूळ होती. बस दिसली म्हणून मी पळालो.

सोमवारी मी उत्तर लिहिलं. केंद्र समाधानकारकपणे चालू आहे, सबब सध्या वेगळ्या तरतुदीची आवश्यकता नाही. इंग्रजीत ते आणखी छोटं झालं. काकी म्हणाली होती चाललाय, आणि चालू असण्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो मी घातला. त्याला शोभावं म्हणून सॅटिस्फॅक्टरिली हा शब्द मी पदरचा जोडला. साहेबांनी वाचलं, टाचणी लावली आणि म्हणाले, “स्वच्छ आहे.” त्यांच्या तोंडून इतकं कौतुक मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मंगळवारी मला त्यांनी सभागृहात नेलं. अधिकाऱ्यांसाठी बाजूला एक कोपरा असे. पुरवणी प्रश्न आला आणि मंत्र्यांना उत्तर माहीत नसलं की तिथून चिठ्ठी जायची. मंत्र्यांनी माझं वाक्य वाचलं. मास्तर-आमदार पुन्हा उभा राहिला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “खात्याच्या माणसाने या केंद्राची शेवटची पाहणी कधी केली?”

मंत्र्यांनी मान वळवली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठीवर लिहिलं: गेल्या शनिवारी.

मंत्र्यांनी तेही वाचलं. मास्तर खाली बसला. पुढचा प्रश्न बंदरातल्या क्रेनबद्दल होता.

मी लिहिलेलं खोटं नव्हतं. शनिवारी मी गेलो होतो. तीर्थ घेतलं होतं, शिरा खाल्ला होता आणि बससाठी पळालो होतो.

पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा काकीच्या मुलीने, माझ्या चुलतबहिणीने, वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा मला दाखवला. सभागृहातल्या प्रश्नोत्तरांच्या दोन ओळी होत्या. आपल्या गावाचं नाव छापून आलं म्हणून तिने तो जपून ठेवला होता. काकीने चष्मा लावला, बोट ठेवलं आणि मला विचारलं, “हा मोठा शब्द काय आहे रे?”

सॅटिस्फॅक्टरिलीवर तिचं बोट होतं.

“म्हणजे चाललंय, असं,” मी म्हणालो.

“हां,” काकी म्हणाली. “मी तेच तर बोलली होती.”

तिने तुकडा घडी करून परत मुलीला दिला आणि मला चहा विचारला. चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही. तेव्हा कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

काही महिन्यांनी गावपरिषदेचं पत्र आमच्या खात्यात आलं. कारखान्यांत विजेची यंत्रं आहेत, केंद्रात पायाची आहेत, त्यामुळे मुली चाचणीत नापास होतात. विजेची चार यंत्रं मिळावीत आणि खोलीत वीज जोडून मिळावी, असा मजकूर होता. ते पत्र फिरत फिरत माझ्याच टेबलावर आलं. त्यावर टिपणी लिहायची होती. माझ्यासमोर दोन वाटा होत्या असं मी म्हणणार नाही. मला तेव्हा एकच दिसत होती. सभागृहात मंत्र्यांनी सांगितलं होतं की केंद्र नीट चालू आहे. आता ते चालू नव्हतं असं म्हटलं, तर मंत्र्यांनी सभागृहाला चुकीचं सांगितलं असं होतं. तसं झालं तर ते कुणी लिहून दिलं हे विचारलं जाणार. मी लिहिलं: सदर मागणी सभागृहात दिलेल्या उत्तराशी विसंगत आहे, कृपया उत्तराची प्रत पाहावी. आणि माझ्याच वाक्याची प्रत टाचून वर पाठवली. तरतूद दुसऱ्या जिल्ह्यात गेली.

त्याच वर्षी चुलतबहीण कारखान्यात चाचणी द्यायला गेली. आईच्या हाताखाली चार वर्षं शिकलेली, गावात तिच्याइतकी सरळ शिवण कुणाची नव्हती. तिला विजेच्या मशीनसमोर बसवलं. पायाच्या मशीनला पाय पुढेमागे हलता ठेवावा लागतो, विजेच्या मशीनला नुसता टेकवायचा असतो. तिचा पाय सवयीने हलू लागला. मशीन धावलं, थांबलं, पुन्हा धावलं, कापड गोळा होऊन सुईखाली अडकलं. देखरेख करणारी बाई हसली नाही, रागावलीही नाही. तिने टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे कात्री ठेवलेली होती.

हे मला बहिणीने स्वतः सांगितलं, अगदी हसत, पाय हलवून दाखवत. “दादा, माझा पायच ऐकेना,” म्हणाली.

त्यानंतर केंद्रात मुली यायच्या थांबल्या. ज्या शिक्षणाने शेवटी कात्रीच मिळणार ते कोण घेईल? दोनेक वर्षांनी एक लॉरी येऊन यंत्रं घेऊन गेली. काकीची तात्पुरती नोकरी होती, ती संपली. खोलीला कुलूप राहिलं.

आता जे लिहितो आहे ते लिहायला मला सगळ्यात जास्त जड जातं. पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट विनोद म्हणून सांगितली. लग्नाकार्यात, कचेरीत, एकदा तर बैठकीत, म्हणजे आमच्या गावच्या संध्याकाळच्या शाळेत, मराठी शिकवताना. मराठी माणूस चाललाय म्हणाला तर समजावं की बंद पडलंय, आणि मी वेड्याने त्याचं इंग्रजी केलं, असं म्हणायचं. ती माझी काकी हे सांगत नसे, “आमच्या गावची एक बाई” म्हणायचो. लोक हसायचे. भाषेची गफलत म्हणून ती खपून जायची, आणि सांगून सांगून माझा स्वतःचाही त्यावर विश्वास बसत चालला होता.

गफलत नव्हती ती. मी त्याच भाषेत वाढलो. चाललाय म्हणताना काकीचा आवाज कुठे खाली येतो हे मला लहानपणापासून माहीत होतं. ती खोली उघडून दाखवते म्हणाली होती. पोत्याचं कापड मी पाहिलं होतं. सोमवारी सकाळी साहेबांना एका वाक्यात उत्तर हवं होतं आणि त्या शब्दाने मला ते मिळत होतं. म्हणून मी तो अर्थ घेतला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कारखाने इतके वाढले की पहाटे प्लेन दे पपायपासून लॉंग माउंटनपर्यंत बायकांना न्यायला गाड्या फिरू लागल्या. मशीनवर बसणाऱ्या कुशल बायका मिळत नाहीत, अशी मालकांची ओरड सुरू झाली. सभागृहातही तेच प्रश्न येऊ लागले. त्या सुमारास माझ्या हाताखाली दोघे कारकून होते आणि आता मी त्यांना सांगायचो, एका वाक्यात द्या. असं एकदा म्हणालो आणि स्वतःचा आवाज ऐकून मला नको झालं. त्या रविवारी मी गावी गेलो.

काकी ओट्यावर शेवग्याचा पाला निवडत बसली होती. नजर अधू झाली होती, बोटांनी चाचपून देठ काढत होती. बहीण घरात नव्हती, रविवारीही जादा काम होतं. अजून धागे कापायच्या टेबलाशीच होती. मी समोर बसलो. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून ठेवलं होतं, माफीचं, नीट मराठीत. ते तोंडातून निघेना. मग मी क्रेओलमध्ये विचारलं, “काकी, सेंटरमध्ये की की पा ती पे मार्से?” काय काय चालत नव्हतं?

तिने हात थांबवला. माझ्याशी ती क्रेओल बोलत नसे. मग त्याच भाषेत, भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात तिने सुरुवात केली. आठातली पाच यंत्रं बंद होती. तीन म्हणालो तर म्हणाली, “तीन तुला दिसली. खिडकीतून मागची ओळ दिसत नाही.” म्हणजे मी डोकावलो होतो हेही तिला माहीत होतं. दोन यंत्रांचे पट्टे तुटलेले, एकाचं चाक वाकलेलं, एकाला सुईच बसत नव्हती, एक गंजून गेलेलं. चालणाऱ्या तिनांपैकी एकाचा पट्टा तिने घरच्या मशीनचा काढून नेला होता. पत्र्यातून पाणी गळायचं, म्हणून कापड घरी आणून ठेवावं लागे. कात्र्या चार, मुली एकोणीस. तिने परिषदेला सहा वेळा सांगितलं. मोठे साहेब आले नाहीत, पण पुतण्या येणार होता, म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी तिने खोली झाडून ठेवली होती.

“लिही,” ती मधेच म्हणाली. खिशात बसच्या तिकिटांशिवाय काही नव्हतं. तिने आतून शिवणाच्या मापांची जुनी वही आणायला सांगितली. त्यातलं एक पान मी फाडलं आणि ती सांगेल तसं लिहीत गेलो. शेवटी वाचून दाखवायला लावलं. एका ठिकाणी चूक काढली, चाक वाकलेलं यंत्र दुसऱ्या ओळीतलं होतं.

“काकी, त्या वेळी मला क्रेओलमध्ये सांगायचं होतंस,” मी म्हणालो. म्हणताना लाज वाटली, तरी म्हणालो.

“सत्यनारायणाला?” ती मराठीत म्हणाली. “आणि तू पोटचा ना? पोटच्याला काय पा पे मार्से बोलायचं असतं? खोली बघ म्हटलं होतं.”

मग ती भिंतीला धरून उठली, फळीवरच्या डब्यातून केंद्राची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. “परिषदेला दे. मी तीन वेळा गेली. कशाची किल्ली विचारतात, मग घेत नाहीत.”

सोमवारी रजा टाकून मी गावपरिषदेच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून तरुण होता, तो तेव्हा शाळेत असेल.

“कशाची किल्ली, मामा?”

“शिवणकेंद्राची.”

“ते तर केव्हाच बंद झालं. का बंद झालं हो?”

मी सांगायला लागलो तर त्याने हात वर केला. “असं नको. लिहून द्या. किल्ली घेतोय तर कागद लागेल.”

मी काकीच्या मापांच्या वहीचं पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वरपासून खालपर्यंत वाचलं, मध्ये एकदा माझ्याकडे पाहिलं. “इथे कुणाची सही नाही.”

माझ्या एकाही उत्तराखाली कधी माझी सही नव्हती. उत्तरं मंत्र्यांची असत. मी त्याचं पेन घेतलं आणि यादीखाली एक ओळ वाढवली, की सभागृहाला याउलट सांगितलं गेलं होतं आणि ते मी लिहून दिलं होतं. त्याखाली पूर्ण नाव लिहिलं. त्याने कागदाला भोक पाडून फाइलीत अडकवला. किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लावली. तिथे आधीच बऱ्याच किल्ल्या होत्या.